नावं कुणाला ठेवायची?

नावे ठेवणे ही माणसाची जीवनावश्यक गरज आहे. बारशाला आत्या एकदाच नाव ठेवते. पुढे आयुष्यभर ते काम बाकीचे लोक करतात. आमटीत मीठ कमी पडले तर नावे ठेवायला घरातली माणसे असतात, रस्त्यात खड्डा पडला तर नगरपालिका असते, खड्ड्यात पाणी साचले तर हवामान खाते असते. काहीच सापडले नाही तर परमेश्वर आहेच. समीक्षा म्हणजे तरी काय? याच कलेचा मानधन घेऊन केलेला जाहीर प्रयोग! पण या कलेला एक अट आहे. समोर आरोपी लागतो. आरोपीच नसेल तर फिर्याद घशातल्या घशात राहते.

संगणकाच्या बाबतीत ही सोय विंडोजने गेली तीस वर्षे चोख पुरवली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले आणि त्याच्याबरोबर ‘स्टार्ट’ नावाचे बटण आले. संगणक बंद करायचा तरी आधी ‘स्टार्ट’ दाबायचे हे ऐकून लोक तेव्हा हसले, आणि मग मुकाट्याने दाबू लागले. तेव्हापासून घरोघरी एक वाक्य तयार असते: ‘विंडोजचं काही खरं नाही बुवा.’ संगणक हळू चालला, म्हणा हे वाक्य. छपाई वाकडी आली, म्हणा. एवढे म्हटले की माणूस मोकळा. पुढे काही करायची जबाबदारी राहत नाही.

ही सोय सोडून मी लिनक्स घेतले, त्याला आता तीन महिने झाले. पुढील मजकूर हे त्या लिनक्सचे परीक्षण आहे. परीक्षणाला लागते ती सगळी सामग्री माझ्यापाशी आहे: तीन महिन्यांचा अनुभव, तीस वर्षांचे पूर्वग्रह आणि विषयाच्या तांत्रिक बाजूंबद्दल संपूर्ण निष्पक्षपातीपणा.

निमित्त झाले ते १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेचे. त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. वर्षभराची वाढीव मुदत मिळण्याची सोय होती. पण निवृत्तीनंतरची मुदतवाढ ती, तिच्यात काही दम नसतो. नव्या विंडोज ११ ची अट अशी, की संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आमच्या घरातला संगणक सहाव्या पिढीचा. माणसांत ‘सहाव्या पिढीचं घराणं’ म्हटले की लोक पाट मांडतात. संगणकांत सहावी पिढी म्हटले की भंगारवाल्याला हाक मारतात.

वास्तविक संगणक ठणठणीत होता. त्याचे एक बटणसुद्धा ढिले झालेले नव्हते. त्याचे वय झाले, हे दुसऱ्याच कुणीतरी दुसरीकडेच ठरवले होते. अठ्ठावन्न पूर्ण होताच शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

तेवढ्यात भाचा आला. हा पुण्याला संगणकाच्याच नोकरीत असतो.

“मामा, टाकून नको देऊस. लिनक्स टाक त्याच्यावर.”

“केवढ्याला पडतं?”

“फुकट.”

फुकट म्हटल्यावर मराठी माणूस सहसा पुढचा प्रश्न विचारत नाही. मी विचारला. “फुकट का?”

“तसं फुकट नाही रे, मुक्त आहे,” तो म्हणाला. हा फरक काय ते समजून घ्यायला मला पुढचे तीन महिने पुरले.

‘लिनक्स घेतो’ म्हणणे हे ‘गणपती बघून येतो’ म्हणण्यासारखे आहे. कुठला गणपती? मूर्ती एकच, मांडव शेकड्यांनी. मूर्ती म्हणजे कर्नेल, संगणकाचा गाभा. ती घडवली लिनस टोरवाल्ड्स याने. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या या एकवीस वर्षांच्या मुलाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले, की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत, फार मोठे काही होणार नाही. आपल्याकडे प्रस्तावनेत इतका विनय दाखवणाऱ्या लेखकाचे पुढे हमखास पाच खंड निघतात. इथेही तेच झाले. कर्नेलच्या आज काही कोटी ओळी झाल्या आहेत.

या मूर्तीभोवती मग मंडळे निघाली. १९९३ साली इयान मर्डॉक याने ‘डेबियन’ काढले. हे नाव त्याच्या त्या वेळच्या मैत्रिणीचे, डेब्राचे, आणि स्वतःचे जोडून केलेले. आपल्याकडे बंगल्याच्या पाटीवर ‘सुधाकमल’ लिहितात, तसे. डेबियनवरून २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी ‘उबुंटू’ काढले. उबुंटूवरून २००६ मध्ये ‘मिंट’ निघाले. कुणाला सजावट पटली नाही, कुणाला आतली यंत्रणा. की शेजारी दुसरा मांडव! मराठी नाट्यसंस्थांच्या इतिहासाचा ज्यांना सराव आहे त्यांना लिनक्सचा इतिहास एका बैठकीत पाठ होईल. फरक एवढाच, की इथे फुटून निघताना मूर्तीवरून मारामारी होत नाही. ज्याला हवी त्याने तिची नक्कल घेऊन जावी, असे घटनेतच लिहिले आहे.

मला भाच्याने मिंट दिले. या मंडळाची एक चाल मला आवडली. प्रत्येक आवृत्तीला ते बाईचे नाव देतात, आणि ते ‘आ’कारान्त असते. २००६ ची पहिली ‘एडा’. पुढे २०१२ मध्ये ‘माया’ झाली, २०१८ मध्ये ‘तारा’, २०२१ मध्ये ‘उमा’. आमच्या आजोळी याच क्रमाने तीन मावश्या आहेत. माझ्या वाट्याला मात्र सप्टेंबर २०२५ मधली ‘झारा’ आली. सौभाग्यवतींना वाटले, मी दिवाळीच्या तळणीबद्दल बोलतोय.

आता गुण. परीक्षणात आधी गुण सांगायचे असतात, म्हणजे दोषांना जागा ऐसपैस मिळते.

पहिला गुण म्हणजे ही वस्तू घेण्याआधी वापरून बघता येते. मिंट एका पेनड्राइव्हवर मावते. तो लावून संगणक सुरू केला की नवे घर जसेच्या तसे समोर उभे राहते, आणि जुन्याला धक्का लागत नाही. नळाला पाणी येते का, खिडकी कुठे उघडते, शेजारी कसे आहेत, सगळे बघा. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढा, जुने बिऱ्हाड होते तिथे आहे. आम्ही दोन दिवस असे राहून पाहिले. तिसऱ्या दिवशी भाच्याने आमचे सगळे फोटो आणि कागद एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवले, आणि मग ‘सगळं पुसू का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले. अर्ध्या तासात गृहप्रवेश झाला. सत्यनारायणालासुद्धा जास्त वेळ लागतो.

दुसरा गुण, म्हातारा संगणक पळायला लागला. भंगारात जायचा होता तो आता मी चहाचा पहिला घोट घेईपर्यंत तयार असतो. तिसरा गुण, सुधारणा आल्या की कोपऱ्यात एक ढालीचे चित्र ठिपका दाखवून उभे राहते. घालायच्या तर घाला, नाहीतर ते तसेच उभे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ‘तुमच्या सवडीनं’ हे शब्द ऐकायला मिळतील ही मी आशाच सोडलेली होती.

चौथा गुण सौभाग्यवतींनी सिद्ध केला. त्यांना मी काही सांगितलेच नव्हते. त्या आल्या, इंटरनेट उघडले, विजेचे बिल भरले, बहिणीच्या नातवाचे फोटो पाहिले आणि उठल्या. मी विचारले, “काही वेगळं वाटलं का?” “हो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही टेबल पुसलंत वाटतं.” आजकाल निम्मीअधिक माणसे संगणक म्हणून जे वापरतात ते इंटरनेट दाखवणारी एक खिडकी असते, तिच्यामागे भिंत कुणाची आहे ते त्यांना कळायचे कारण नसते. लिनक्सवर आजवर झालेल्या समीक्षेत टेबलाचा हा अभिप्राय मी फार वरचा मानतो.

आता दोषांकडे वळू.

विंडोजमधून आलेल्या माणसाला लिनक्समध्ये पहिला धक्का बसतो तो म्हणजे सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह नसतात. सी ड्राइव्ह म्हणजे राहती खोली आणि डी ड्राइव्ह म्हणजे माळा, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रचना. मुंजीचे फोटो, बंद पडलेल्या पतपेढीचे हिशेब, हार्मोनियमचे धडे, सगळे माळ्यावर. इथे माळाच नाही! एकच झाड आहे, त्याचे मूळ वर आणि फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ असाच उलटा आहे. पण त्याच्या फांदीवर बँकेचे पासबुक शोधायची वेळ कुणावर आली नव्हती.

बरे, फांद्यांची नावे तरी सरळ असावीत? संगणकाच्या यच्चयावत रचनेचे महत्त्वाचे कागद ज्या फांदीवर असतात तिचे नाव ‘ईटीसी’, म्हणजे ‘इत्यादी’. घराच्या खरेदीखताच्या पाकिटावर ‘किरकोळ’ लिहावे तसे. आणि ‘बिन’ नावाची फांदी दिसली की विंडोजवाला माणूस सवयीने ती रिकामी करायला धावतो, कारण त्याच्या लेखी बिन म्हणजे कचऱ्याचा डबा. इथे तिच्यात नेहमीची सगळी आयुधे असतात. सुदैवाने ती सहजासहजी हलवता येत नाहीत.

इंग्रजी मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांत इथे सोवळे-ओवळे पाळतात. मोठ्या ‘के’ने लिहिलेले ‘काका’ आणि लहान ‘के’ने लिहिलेले ‘काका’ या दोन वेगळ्या फायली. थोरले काका निराळे, धाकटे काका निराळे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे पटते, पण लक्षात ठेवायचे म्हणजे कठीण.

आतला कारभार तर संपूर्ण कौटुंबिक नाटकाचा आहे. चालू असलेल्या प्रत्येक कामाला पालक असतो. पालक आधी गेला तर अपत्य अनाथ होते, आणि मग सहसा एक नंबरचे मूळ काम त्याला दत्तक घेते. एखादे ऐकेनासे झाले तर त्याच्यासाठी ‘किल’ नावाची आज्ञा आहे. एखादे काम आटोपते, पण पालकाने त्याची नोंद घेतलेली नसते. त्याला म्हणतात झोंबी. म्हणजे माणूस गेला, पण रेशनकार्डावरचे नाव कमी केले नाही. याला उगाच इंग्रजी भुताचे नाव दिले आहे. आमच्या वाड्यात अशी चार झोंबी दरमहा साखर उचलत असत.

आणि ती काळी खिडकी! टर्मिनल तिचे नाव. चित्रांवर टिचक्या मारून बहुतेक कामे होतात हे खरे. पण काही बिघडले आणि जाणत्या माणसाला विचारले, की तो ही काळी खिडकी उघडायला लावतो आणि एक ओळ टाकायला सांगतो. आजीबाईच्या बटव्यासारखे असते ते. मुळी उगाळून द्यायची; कसली ते विचारायचे नाही. ओळीच्या सुरुवातीला बहुधा ‘सुडो’ असते. सुडो म्हणजे ‘साहेबांनी सांगितलंय’. तेवढे म्हटले आणि पासवर्ड दिला, की एरवी जागचे न हलणारे कारकून टेबलाखालून फाइल काढतात. ओळीचा अर्थ हवा असेल तर ‘मॅन’ नावाची आज्ञा आहे, ती माहितीपुस्तिका दाखवते. ही पुस्तिका ज्याला सगळे आधीच येते त्याच्यासाठी लिहिलेली आहे. जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकात ‘मीठ अंदाजानं’ असते, त्याच शाळेची.

पण हे सारे किरकोळ. माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे, आणि तो लक्षात आला वाय-फायपाशी.

वाय-फाय लागेना. भाच्याला फोन केला.

“चिप कुठली आहे बघ... हं. त्या कंपनीनं माहिती उघड केलेली नाही. तिचा ड्रायव्हर वेगळा उतरवून घ्यावा लागेल.”

“कशावरून उतरवायचा?”

“इंटरनेटवरून.”

“आणि इंटरनेट कशानं लागणार?”

“वाय-फायनं,” तो म्हणाला, आणि दोन्हीकडे शांतता पसरली.

किल्ली तिजोरीत, आणि तिजोरीला कुलूप! शेवटी मोबाइल फोनची वायर संगणकाला जोडून, फोनचे इंटरनेट उसने घेऊन तो ड्रायव्हर उतरवला. पण मधला पाऊण तास माझी जी तगमग झाली ती वाय-फायसाठी नव्हती. मला कुणाला तरी नावे ठेवायची होती, आणि कुणी सापडत नव्हते. लिनस टोरवाल्ड्सला ठेवावीत, तर त्याने माझ्याकडून पैसा घेतलेला नाही. मिंटवाल्यांना ठेवावीत, तर त्यांनीही नाही. चिपवाल्याला ठेवावीत, तर तो म्हणणार, ‘लिनक्सवर चालेल असं खोक्यावर कुठं लिहिलंय?’ माणसाने करायचे काय?

पुढे प्रिंटरने हीच परीक्षा घेतली. प्रिंटर बारा वर्षांचा. नवे प्रिंटर बहुतेक आपोआप ओळखले जातात. आमच्याबरोबर आलेल्या चकतीवर विंडोजच्या तीन पिढ्यांची नावे होती, लिनक्सचे नावसुद्धा नाही. आणि गंमत अशी, की हा सगळा खटाटोप मुळात सुरू झाला तोच एका प्रिंटरवरून! १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रॅमरला वाटले, कागद अडकला की सर्वांच्या पडद्यावर निरोप यावा, एवढी दुरुस्ती आपण करू. पण प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम कंपनीने दिलेला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका गृहस्थाकडे तो होता. त्याने गुप्ततेचा करार केलेला, म्हणून त्याने नाही म्हटले. दुसरा कुणी असता तर घरी येऊन बायकोला चार शब्द ऐकवून गप्प बसला असता. हे गृहस्थ बसले नाहीत. त्यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला: सगळी ऑपरेटिंग सिस्टिमच नव्याने लिहायची, आणि ती सर्वांना उघडी ठेवायची. पुढे टोरवाल्ड्सचा गाभा आणि ग्नूची भांडीकुंडी एकत्र आली आणि संसार उभा राहिला. अडकलेल्या एका कागदातून एवढे निघाले. आमच्या कचेरीत रोज अडकत, पण त्यातून चहाशिवाय काही निघाले नाही.

स्टॉलमन यांनी चार स्वातंत्र्ये सांगितली आहेत, आणि संगणकवाल्यांच्या रीतीप्रमाणे ती शून्यापासून मोजली आहेत. शून्यावे, प्रोग्रॅम कशासाठीही वापरावा. पहिले, तो आतून तपासावा आणि बदलावा. दुसरे, त्याच्या प्रती वाटाव्यात. तिसरे, आपण बदललेली प्रतही वाटावी. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दावर दोन अर्थांचे ओझे आहे, म्हणून हे पैशाबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल आहे, असा खुलासा करत त्यांना जगभर हिंडावे लागले. मराठीत हे व्याख्यान दोन शब्दांत संपते. मोफत आणि मुक्त.

विंडोजचा परवाना वाचा. मी वाचला, घरात माझ्याकडे काळजीने बघत होते. त्यात स्वच्छ म्हटले आहे, की हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेले नाही, वापरायला दिलेले आहे. म्हणजे आपण भाडेकरू. भाडेकरूचे आयुष्य वाईट नसते. छप्पर गळले तर मालकाला नावे ठेवावीत आणि खाली बादली ठेवावी. मालकही अगदीच वाईट नाही हो. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमसुद्धा कित्येकदा त्याच्या घरात मुकाट चालतो, आणि बाजारात कुठलाही प्रिंटर घ्या, त्याच्या दारात ओळख दाखवतोच. एवढेच, की घर कधी पाडायचे ते तो ठरवणार. लिनक्समध्ये आपण मालक होतो. छप्पर गळले की मालकाला नावे ठेवायला जातो, आणि दारावर पाटी आपलीच.

हे ओझे एकट्यादुकट्याला पेलत नाही असे नाही. मोठमोठ्यांनाही जड जाते. म्युनिकच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. कारणांवर तिथे पुष्कळ वाद झाला. मला तो अनाठायी वाटतो. लोक नगरपालिकेला नावे ठेवतात हे ठीक, पण नगरपालिकेने कुणाला ठेवायची? त्याच जर्मनीत २०२४ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने नेमके उलट, लिनक्सकडे जायचे जाहीर केले. सरकारी रस्ता दोन्हीकडून वाहता असतो.

एरवी लिनक्स कुठे नाही? नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा. २०२१ साली मंगळावर जे छोटे हेलिकॉप्टर उडाले, त्यातही हाच. २००१ मध्ये ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती, ती कंपनी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. व्याही व्याह्यांच्या पंगतीला बसले. मग खिशात आहे, मंगळावर आहे, आणि टेबलावरच का नाही? एक कारण सरळ आहे: दुकानातून येणाऱ्या बहुतेक संगणकांवर विंडोज आधीच बसलेले असते. दुसरे माझे आहे. महासंगणकाला आणि मंगळाला पगारी माणूस नेमलेला असतो. काही बिघडले तर तो बघतो. टेबलापाशी आपणच असतो.

आता मराठीबद्दल. मिंट बसवताना भाषांच्या यादीत ‘मराठी’ दिसले, ते मी अभिमानाने निवडले. मेनू आला तो अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. इंग्रजी शाळेतल्या आमच्या नातवासारखा. माझ्यातला समीक्षक उठून बसला. ‘मराठीची ही उपेक्षा!’ असे शीर्षकही सुचले. भाच्याला विचारले, “हे भाषांतर कुणाकडे असतं?” म्हणजे नावे कुणाला ठेवायची. तो म्हणाला, “कुणाकडेच नाही, मामा. स्वयंसेवक करतात. जी वाक्यं राहिलीत ती रिकामी आहेत. तू भर.”

कुठल्याही समीक्षकाला असे उत्तर देऊ नये. नाटकाचा तिसरा अंक पडला असे लिहिणाऱ्याच्या हातात लेखकाने पेन देऊन ‘बसा, लिहा’ म्हणायचे, हा काय न्याय झाला? पण विचार केल्यावर बोलायला तोंड राहिले नाही. विंडोजमध्ये मराठी येते ती कंपनीला परवडली तर. इथे मराठी येते ती मराठी माणूस बसला तर. अर्धा मेनू इंग्रजी आहे, याचा अर्थ तेवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

यात थट्टेपलीकडचे काही आहे ते मला थोरल्या काकांच्या आठवणींमुळे कळले. काकांनी १९९८ मध्ये आपल्या आठवणी एका टायपिंगवाल्याकडून संगणकावर उतरवून घेतल्या. एकशेबारा पाने. ज्या टंकात त्या टाइप केल्या तो प्रोग्रॅम विंडोजवरचा, आणि त्याला संगणकाच्या पाठीत खोचायचे एक कुलूप असे. काका गेले, टायपिंगवाल्याचे दुकान गेले, कुलूपही गेले. फाइल राहिली. तो टंक नसलेल्या कुठल्याही संगणकावर ती उघडली की काकांचे लहानपण रोमन अक्षरे आणि स्वल्पविरामांच्या रूपाने दिसे. आपल्याच माणसाचे शब्द, आपल्याच घरात, आणि वाचायला परवानगी दुसऱ्याची! अशी किती घरांतली किती पाने पडून असतील. विंडोज काय, लिनक्स काय, दोघांनाही ती वाचता येत नव्हती. फरक असा, की त्या जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक लहानसा प्रोग्रॅम कुणीतरी लिहून मोकळा सोडलेला होता. तो नुसता एक तक्ता आहे: या खुणेला हे अक्षर.

भाच्याने तो चालवला. काका बोलायला लागले. फक्त एका जागी घोटाळा होत होता. काका घाटमाथ्यावरचे, त्यांच्या पानापानावर सह्याद्रीच्या दऱ्या. त्या तक्त्यात मराठीतल्या ‘ऱ्य’ची सोय नव्हती. त्यामुळे काका दहा वर्षांचे असताना गुरांमागे ‘दर्यात उतरले’, आणि संध्याकाळी ‘दर्या ओलांडून’ घरी आले. समुद्र त्यांनी मुंबईला गेल्यावर पाहिला. मी नावे ठेवायला तोंड उघडले आणि सवयीने इकडेतिकडे पाहिले. कुणी नव्हते. तक्ता समोर उघडा होता. त्यात एक ओळ घातली. काका दरीत सुखरूप उतरले. ती ओळ भाच्याने ज्याचा प्रोग्रॅम त्याला पाठवली, आणि आठवड्याने ती मूळ तक्त्यात लागली. कुणाच्या घरातले कुठले काका आता तिच्यामुळे बुडता बुडता वाचतील ते मला कळणार नाही. प्रिंटरचेही शेवटी असेच जमले. कुणा अनोळखी माणसाने तसलाच प्रिंटर घेतला होता, त्याची अशीच पंचाईत झाली होती, आणि चार लोकांना नावे ठेवण्याऐवजी तो ड्रायव्हर लिहीत बसला होता. त्याच्या जिवावर काकांची एकशेबारा पाने छापून झाली.

तर हे परीक्षण. लिनक्स घ्यावे का? ज्यांचा संगणक धडधाकट असून केवळ जन्मतारखेमुळे घराबाहेर काढला जातो आहे, त्यांनी जरूर घ्यावे. ज्यांचे काम इंटरनेटच्या खिडकीत भागते, त्यांनी घ्यावे. टेबल पुसल्यासारखे वाटेल. ज्यांची दुकानदारी विंडोजवरच्याच एखाद्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर उभी आहे, त्यांनी कुणाच्या भाच्याचे ऐकू नये. ज्यांना भाचा नाही, त्यांनी आधी पेनड्राइव्हवर आठवडाभर राहून बघावे. किंमत विचाराल तर पैसा एक लागत नाही. पण चिडल्यावर पुढचा अर्धा तास गप्प बसून काहीतरी करावे लागते, आणि ही किंमत आमच्यासारख्यांना फार आहे.

दोष एकच, पण मोठा. नावे ठेवायला कुणी ठेवलेले नाही. ती गरज भागवण्यासाठी मी सध्या ‘झारा’ आवृत्तीच्या भिंतीवरच्या चित्रांना नावे ठेवतो. तेवढीही सोय फार दिवस राहील असे वाटत नाही. ती चित्रे बदलता येतात, असे भाच्याने परवाच सांगितले.